बशीत ठेवलेली कानोली

सिसिली सोडून इटलीच्या उत्तरेला, तोरिनोला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली होती, आणि सहा वर्षांत एकही धड कानोली, आमची ती गोड सारण भरलेली तळलेली नळी, तोंडी लागली नव्हती. या उत्तरेकडच्या लोकांना मोटारी करता येतात, कानोली येत नाही. सकाळीच नळ्या भरून काचेमागे मांडतात. दुपारी घ्यावी तर नळी ओल्या पुठ्ठ्यासारखी, आत गाईच्या दुधाची गोड साय, वर लालभडक चेरी. माझा नवरा नीनो एकदा एका दुकानदाराला म्हणाला, "अहो, ही कानोली की दवाखान्यातलं पथ्य?" त्यानं आम्हाला दारच दाखवलं.

सिसिलीत शेंबडं पोरही सांगेल की नळी खाणाऱ्यासमोर भरायची असते. आतला रिकोता, म्हणजे ताजं मऊ चीज, मेंढीच्याच दुधाचा लागतो. नळीला बारीक फोड आलेले हवेत आणि दातांखाली ती वाजली पाहिजे. इतकं साधं आहे, पण सहा वर्षं मिळालं नाही.

मग त्या वर्षी सर्व संतांच्या सणाला पोर्ता पालाझ्झोच्या बाजारामागे मला एक रांग दिसली. रांगेत भांडणं चालली होती ती आमच्या बोलीत, म्हणून पाय थबकले. दुकान नवं होतं, उन्हाळ्यात उघडलेलं. काचेमागे काहीच मांडलेलं नव्हतं. साठीचा, जाड मिशांचा मालक एकेक नळी उचलून गिऱ्हाइकासमोर भरत होता. मी उभ्याउभ्याच खाल्ली. कर्रकन वाजली, आणि देवाशपथ सांगते, डोळ्यांत पाणी आलं. फिलिप्पामावशीसाठी दोन रिकाम्या नळ्या आणि कागदात वेगळा रिकोता बांधून घेतला.

फिलिप्पामावशी आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. विधवा, मूलबाळ नाही. तिचं गाव डोंगरातलं, माझं समुद्राकाठचं, पण परमुलखात एवढं नातं पुरे होतं. तिचा नवरा लिबोरिओ गावात कानोल्या करायचा, इतकंच मला ठाऊक होतं.

मावशीनं नळीवर नखानं टकटक केलं, कान लावला. मग एक तुकडा मोडून जिभेवर ठेवला आणि तिचा चेहरा दगडासारखा झाला.

"कणकेत एवढी दालचिनी एकच माणूस घालतो," ती म्हणाली. "गांदोल्फो. मिशा आहेत ना त्याला?"

"आहेत की! ओळखतेस?"

"बस खाली, पोरी."

मग तिनं सांगितलं. गावच्या चौकात दोन दुकानं समोरासमोर होती, एक लिबोरिओचं, एक गांदोल्फोचं. संत योसेफच्या दिवशी चौकात पंगत मांडली होती. लिबोरिओच्या कानोलीभोवती गर्दी जमलेली. गांदोल्फो आला, त्यानं एक कानोली उचलली, एक घास घेतला, उरलेली बशीत ठेवली. रुमालानं मिशा पुसल्या आणि निघून गेला. बोलला काहीच नाही.

"नुसती ठेवली?"

"नुसती ठेवली. संध्याकाळी लोक म्हणायला लागले, रिकोता गाईचा आहे. दुसऱ्या दिवशी म्हणे रिकोत्यात उंदीर पडलेला. ईस्टरपर्यंत दुकानात माशी फिरकेना. कुणाशी भांडणार? तो तर काही बोललाच नव्हता. इथं येऊन माझा माणूस मोटारींच्या दारांना रंग मारत बसला, छाती रंगानं भरून गेला. शेवटच्या दिवशीही मला विचारत होता, 'फिलिप्पा, त्याला त्यात काय सापडलं असेल गं?' सात वर्षं हेच. काय सापडलं?"

मी क्रुसाची खूण केली. "मावशी, देव बघून घेईल."

"देवाला पुष्कळ कामं आहेत," ती म्हणाली. "हे माझं मी बघते."

त्या रविवारी पाद्रीबाबांनी क्षमेवर प्रवचन केलं. आमचे पाद्रीबाबा रंगात आले की बोलता बोलता गायला लागत, आणि ते गायला लागले की मी हमखास रडायची. मावशीनंही मान डोलावली, डोळे मिटले, दोन्ही हात जोडले. मिस्सा संपताच मला म्हणाली, "चल, दुकानात."

रांगेत तिच्या गावची पाच-सात माणसं होती. गांदोल्फोनं तिला पाहिलं मात्र, हातातली नळी तडकली.

"फिलिप्पा! तू इथं? लिबोरिओ कसा आहे?"

"एक कानोली," मावशी म्हणाली.

त्यानं भरून दिली. मावशीनं एक घास घेतला, हळूहळू चावला. उरलेली बशीत ठेवली. पदरचे पैसे दिले, रुमालानं ओठ टिपले आणि बाहेर पडली. रांगेतली माणसं बशीकडे बघत राहिली.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या खेपेला रांगेतली रोझारिया माझ्या कानाशी लागली, "काय गं, लिबोरिओची बायको का टाकते? तिला कळतं हो त्यातलं. गाईचा आहे का?"

"मला काय माहीत?" मी म्हटलं. खरं म्हणजे 'नाही, उत्तम आहे' म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. ते पाप मी नंतर पाद्रीबाबांपाशी कबूल केलं. पण तेव्हा गोड लागलं, खोटं कशाला बोलू?

रांग आखडत गेली. गांदोल्फो भेदरला. एका आठवड्याला त्यानं साखर कमी केली, दुसऱ्या आठवड्याला संत्र्याच्या साली काढून टाकल्या, मग मेंढपाळच बदलला. चांगलं होतं ते स्वतःच्या हातानं बिघडवत गेला. मी जिन्यात मावशीला अडवलं. "आता पुरे. त्यालाही लेकरंबाळं आहेत."

"मी एक शब्द तरी बोलले का?"

"तेच तर!"

"मग झालं तर," म्हणून ती वर निघून गेली.

नाताळच्या आदल्या रविवारी दुकानात नऊच माणसं होती, त्यातली सहा तिच्या गावची, मजा बघायला आलेली. मावशीनं घास घेतला, कानोली बशीत ठेवली. ती वळणार तोच गांदोल्फो गल्ल्यामागून बाहेर आला. हाताला पीठ, मिशा पडलेल्या.

"फिलिप्पा, तुझ्या पाया पडतो. काय कमी आहे ते सांग. मला झोप नाही."

"लिबोरिओलाही नव्हती," मावशी म्हणाली. "तू आधी सांग. तुला त्याच्या कानोलीत काय सापडलं होतं?"

तो पुटपुटला, "काही नाही."

"मागच्यांना ऐकू गेलं नाही. म्हातारी माणसं आहेत."

"काही नव्हतं तिच्यात!" तो ओरडला. "माझ्याहून चांगली होती! खाताक्षणी कळलं, माझं दुकान आता बसणार. हातातून खाली ठेवली गेली, फिलिप्पा. लोक बोलायला लागले आणि मी... मी बोलू दिलं."

मला वाटलं, आता मावशी रडेल. पण नाही.

"एवढंच होतं तर पत्र टाकायचं होतंस. एक ओळ. सुखानं मेला असता." मग ती गावकऱ्यांकडे वळली. रोझारियाच्या नवऱ्यानं टोपी काढली आणि जमिनीकडे पाहू लागला. "आणि तुम्ही, उंदीर पाहिलेले लोक! ऐकलंत ना सगळ्यांनी?"

"ऐकलं, मावशी."

गांदोल्फोनं हात जोडले. "क्षमा कर."

"ते पाद्रीबाबांना विचारून सांगीन," ती म्हणाली, आणि माझा हात धरून बाहेर पडली.

त्या दुकानात ती पुन्हा गेली नाही. मी मात्र जाते. साली परत आल्या, जुना मेंढपाळही परत आला, रांग पुन्हा कोपऱ्यापर्यंत जाते. तिच्या गावची माणसं गांदोल्फोसमोरच उभी राहून खातात, बोटं चाटतात, आणि दर रविवारी कुणी ना कुणी म्हणतंच, "छान आहे हो. पण लिबोरिओची! ती काही औरच होती."

तो मान खाली घालून पुढची नळी भरतो. घरी आल्यावर मावशी मला एवढंच विचारते, "आज कोण म्हणालं?"

आणि मी नाव सांगते.