उजवा हात, डावा पाय

बाळाला नीट गुंडाळून ठेवा, असं सिस्टरने सकाळीच बजावलं होतं. बाळंतिणीने मान डोलावली आणि सिस्टरची पाठ वळताच दुपटं पुन्हा सोडलं. छाती वरखाली होताना दिसली की तिला बरं वाटे. मिनिटभराने पुन्हा शंका येई.

"अगं, बाळ आहे ते, उतू जायला काय दूध आहे?" खुर्चीतून तिची आई म्हणाली. "झाक त्याला."

काल डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या छातीला स्टेथोस्कोप लावला होता आणि बराच वेळ काढलाच नव्हता. बारीक सूं सूं ऐकू येतेय, म्हणाल्या. पोटात असताना बाळाचं रक्त फुप्फुसांना वळसा घालून एका छोट्या नळीतून जातं. जन्मानंतर एक-दोन दिवसांत ती आपली आपण मिटते. बहुधा तेच असेल, उद्या पुन्हा ऐकू. त्यानंतर तिने फोनवर इतकं वाचलं, की आईने शेवटी फोनच पर्समध्ये टाकला.

दहा वाजता सिस्टर ऑक्सिजन मोजायचं यंत्र घेऊन आली. उजव्या हाताला पट्टी गुंडाळली. सत्त्याण्णव. मग डाव्या पायाला. आकडा अडखळत सत्त्याऐंशीवर थांबला.

हातापायांत असा फरक आला तर हृदयात दोष असू शकतो, हे तिने वाचलं होतं. तिने आईकडे बघायचं टाळलं आणि खाटेची कड धरली.

सिस्टरने ते पाऊल मुठीत घेतलं.

"परत सोडलं होतंत ना दुपटं?"

तिने घाईने दुपटं बाळाच्या छातीवर ओढलं.

"बर्फ झालाय पाय. गार पायावर यंत्राला धड काही कळत नाही."

सिस्टर पाऊल तळव्यांत धरून उभी राहिली आणि बाळाचं नाक कुणावर गेलंय यावर आईशी वाद घालू लागली. पाचेक मिनिटांनी तिने पट्टी पुन्हा लावली. आकडा चढला, सत्त्याण्णववर स्थिरावला.

मग डॉक्टरीणबाई आल्या. आजही त्यांनी सावकाश ऐकलं. ती त्यांच्या पापण्यांकडे बघत राहिली.

"आज आवाज नाही. मिटली नळी," त्या म्हणाल्या. "घरी न्या. आणि गुंडाळून न्या."

आईने बाळाला उचललं आणि दाराशी ताटकळलेल्या जावयाकडे नेलं. नणंद आली, सासूबाई आल्या, सगळे बाळाभोवती गोळा झाले. खोलीत सिस्टर तेवढी उरली. सिस्टर खाटेवर टेकली, बाळंतिणीचं मनगट हातात घेऊन नाडी बघू लागली.

"काल काही खाल्लंत का हो तुम्ही?"

तिला आठवेना. ती हसली, आणि मग हसता हसता जे रडू फुटलं ते तिला आवरेना. सिस्टरने मनगट सोडलं नाही.

आता सगळं ठीक आहे. त्या बाळंतिणीचं मागणं एवढंच आहे: तुमच्या ओळखीत कुणी नुकतीच बाळंत झाली असेल, तर बाळ बघायला सगळेच जातील. तुम्ही जरा तिला बघून या.