बोटांची रजा

छापखान्यात तिला सगळे ठिपकेताई म्हणत. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. ब्रेल पुस्तकांची छापलेली पानं बोटांनी वाचून चुका काढायच्या, हे तिचं बावीस वर्षांचं काम. कागदाला डाग लागू नये म्हणून दर पानाआधी ती भांड्यांच्या साबणाने हात धुवायची, वर स्पिरिट चोळायची. बोटांची टोकं आधी ताणल्यासारखी झाली, मग सोलवटली, बारीक चिरा पडल्या. तिने मनावर घेतलं नाही.

एक दिवस व्यवस्थापक तिच्या टेबलापाशी येऊन घुटमळले.

"ताई, पहिलीच्या पुस्तकात 'लाल फूल'ऐवजी 'काल फूल' छापून गेलंय. एकच ठिपका कमी."

"माझ्या हातून?" तिने पान पुढे ओढलं. तर्जनी ओळीवरून फिरवली, पण ठिपके कुठे सुरू होतात नि कुठे संपतात तेच लागेना. पान पाण्याखाली असल्यासारखं झालं होतं.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी तिची बोटं एकेक करून तपासली. "कातडीचा वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. तुम्ही मधला चुना रोज धुऊन काढलात. आता आतला ओलावा टिकत नाही आणि बाहेरचं सगळं आत झोंबतं."

"मग लिंपायची कशी?"

"ती आपली आपण लिंपते. तुम्ही फक्त मध्ये लुडबुड करू नका." कोमट पाणी, बिनवासाचा सौम्य साबण, हात ओलसर असतानाच जाड मलम, वर सुती हातमोजे. आणि दीड महिना वाचन बंद.

नवऱ्यामागे ती आणि तिची थोरली नणंद एकत्र राहत. नणंदेने भांडी, धुणं, सगळं अंगावर घेतलं. "वहिनी, आता तू मोजे घालून महाराणीसारखी बस," असं म्हणून ती रोज दुपारी वर्तमानपत्र वाचून दाखवी. कंटाळवाण्या बातम्यांत पदरचं घाली.

"वन्सं, खरंच महापौर झाडावर चढले?"

"चढायला हवे होते."

मोज्यांतले दिवस धुक्यासारखे गेले. कप, दार, उशी, सगळं एकाच मऊ कापडाचं झालं. खुर्चीत बसल्या बसल्या तिचा डोळा लागे आणि स्वप्नात ठिपके पक्ष्यांसारखे बोटांखालून उडत. ती हात पुढे करी, तर हवा लागे. जागी झाल्यावर काही क्षण आपल्याला हात आहेत की नाहीत, हेच तिला समजत नसे.

तिसऱ्या आठवड्यात तिला राहवलं नाही. नणंद बाजारात गेल्यावर तिने मोजा काढला नि एक जुनं पान उघडलं. दोन ओळी झाल्या असतील. चीर उकलली, पान ओलं लागलं. नणंद परत आली नि तिने ठिपकेताईचा हात हाती घेतला. तिने हात धुतला, टिपला, मलम लावलं नि दुसरा मोजा चढवला. ठिपकेताईला तेव्हा रडू आलं.

त्यानंतर तिने घाई सोडली. सकाळ-संध्याकाळ मलम लावताना ती बोटांशी हळूच बोलू लागली, झोपलेल्या माणसाला उठवू नये तसं.

पाचव्या आठवड्यात दुपारी बातम्या ऐकता ऐकता ती एकदम म्हणाली, "वन्सं, या मोज्याला आतून शिवण आहे का?"

"पहिल्यापासून आहे."

"मला आज लागली."

नणंदेने वर्तमानपत्र खाली ठेवलं. ठिपकेताई अंगठ्याने तर्जनीवरचा तो दोऱ्याचा उंचवटा चाचपत राहिली. एक टाका, पुढे दुसरा, मध्ये इवलीशी फट. ती टाके मोजत होती.

दीड महिन्याने ती कामावर गेली. टेबलावर कोमट पाणी आणि मलमाची डबी ठेवली. बोट तेलकट नको म्हणून मलम जिरेपर्यंत थांबली, मग कोरड्या कापडाने टिपून पान घेतलं. पूर्वी दुपारपर्यंत तिची चाळीस पानं व्हायची. आज तीनच झाली, एका नदीबद्दलची. ठिपके पुसट होते, पण जागच्या जागी होते.

"कसं चाललंय, ताई?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"हळू," ती म्हणाली आणि चौथं पान ओढलं.