धाकलूनं बूड केलंय

धाकलूने बोटाला लागलेला गंज जिभेवर ठेवला आणि लगेच बाजूला थुंकला. खारट.

गाडीखाली गोणपाट टाकून तो पाठीवर पडला होता. वर कोरी करकरीत गाडी. पुढच्या काचेवर मुंबईच्या एजंटाने चिकटवलेला कागदसुद्धा अजून निघाला नव्हता. दारांवर तोंड बघून भांग पाडावा अशी चकाकी होती, आणि खाली हे. काळा रंग नखाएवढ्या तुकड्यांनी सुटत होता आणि प्रत्येक तुकड्याच्या पाठीला तांबडी भुकटी होती.

"काय रं, झोप लागली काय खाली?" बाहेरून वाल्मिकशेटने हसत विचारलं.

धाकलू सरपटत बाहेर आला. केसात गंज पडला होता, तो त्याने झटकला नाही.

"शेट, ही गाडी समिंदराच्या पाण्यात उभी होती."

"खुळा काय तू? आज आनलीय मी ती."

"आज आनलीस. पन त्याच्या आगुदर ती गोदीत पडून व्हती. एक पावसाळा तरी काढलाय तिनं तिथं. भरतीचं पानी लागलंय. वरनं रंग मारून दिलीय तुला."

वाल्मिकशेटचा चेहरा पडला. खरोखर पडला. पुढे काय झालं ते सगळ्या कर्जतला माहीत आहे, तरी एवढं मान्य केलं पाहिजे, की त्या क्षणी तोही फसलेलाच माणूस होता.

धाकलूची शेड स्टेशनाच्या मागे, भिसेगावच्या वाटेवर होती. इंजिनाला तो कधी हात लावत नसे. त्याचं काम गाडीच्या बुडाचं. त्याचा मामा पनवेलच्या खाडीवर होड्यांना तेल आणि राळ लावायचा. त्याच्या हाताखाली शिकलेली विद्या धाकलूने मोटारींना लावली होती. आधी पत्रा पांढरा दिसेपर्यंत खरवडायचा, मग गोड्या पाण्याने धुवायचा, दोन दिवस उन्हं द्यायची आणि मग करंजेल, राळ आणि काजळी एकत्र कढवून त्याचे दोन हात द्यायचे. गंज दिसतोय तोवर तेलाच्या डब्याचं झाकण उघडायचं नाही, हा मामाचा नियम. तो मोडायला खुद्द प्रवासी नेणाऱ्या सर्व्हिस मोटारींचे मालकसुद्धा त्याला सांगू शकत नसत. सांगितलं तर धाकलू डबा उचलून घरी जायचा.

आम्ही कर्जतकर नावं ठेवण्यात पटाईत, त्यामुळे तो झाला बूडवाला. पण चेष्टा एवढ्यावर संपायची. खालापूरपासून नेरळपर्यंत कुणी जुनी लॉरी घ्यायला निघाला, की विकणारा एकच वाक्य बोलायचा, "धाकलूनं बूड केलंय." त्यानंतर घेणारा खाली वाकून बघत नसे. वाकून बघणं म्हणजे धाकलूचा अपमान, असं सगळे समजत.

"आता रं?" वाल्मिकशेट म्हणाला.

"परत दे त्यांची त्यांना."

"देतोच. दोन दिसांत नेतो मुंबईला. पन तू एक काम कर, वरनं तुजा हात मार."

"गंजावर?"

"तवर वाढंल ना गंज, घाटातल्या रस्त्यानं. दोन दिसांचा तर सवाल हाय. माज्यासाठी कर रं."

"झाकलेला गंज मरत नाय, वाल्मिक. आत बसून खातो."

"दोन दिसांत काय खानार हाय?"

चारचौघांत धाकलू त्याला शेट म्हणायचा, पण दोघं एकाच वाडीत वाढले होते. लढाईच्या वर्षांत पेट्रोल मिळेना तेव्हा मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायला लागल्या आणि वाल्मिकच्या कोळशाच्या भट्ट्यांचं सोनं झालं. त्याच दिवसांत धाकलूच्या बायकोला, सुंदराला, विषमज्वर झाला होता. वाल्मिकने लॉरीतला कोळसा रस्त्यावर उतरवून तिला कल्याणच्या इस्पितळात नेलं. चौदा दिवस रोज जाऊन तो तिची चौकशी करायचा. असं करणाऱ्या माणसाला दोन दिवसांसाठी नाही कसं म्हणायचं?

धाकलूने डब्याचं झाकण उघडलं. हात नको म्हणत होते, पण त्याने काम केलं आणि चांगलं केलं, कारण वाईट काम त्याला येत नव्हतं. संध्याकाळी गाडीचं बूड काळंभोर, तुकतुकीत दिसत होतं.

ही शिमग्याच्या सुमाराची गोष्ट. दोन दिवसांनी गाडी कर्जतातून दिसेनाशी झाली. मुंबईला गेली असेल, असं धाकलू समजला आणि विसरला. विसरायचंच होतं त्याला.

दसरा झाल्यावर एक दिवस सकाळी तीच गाडी त्याच्या शेडपुढे येऊन थांबली. आतून विमलबाई उतरल्या. कडावला दवाखाना काढलेल्या डॉक्टरीणबाई त्या. पुण्याच्या, एकट्या राहणाऱ्या, आणि गाडी स्वतः चालवणाऱ्या. त्या रस्त्याने निघाल्या की बैलगाड्या आपणहून कडेला व्हायच्या, काही आदराने आणि बऱ्याचशा भीतीने.

"बूडवाले धाकलू मिस्त्री तुम्हीच ना?" त्यांनी विचारलं. "आपली कधी भेट नाही झाली, पण गाडी तुमच्याच भरवशावर घेतली मी."

धाकलू गाडीकडे बघत राहिला.

"कुनाकडनं घेतली, बाई?"

"वाल्मिकशेटांकडून. नव्या गाडीसाठी मुंबईत वर्षभर थांबावं लागतं म्हणाले. आणि मला थांबणं शक्य नव्हतं. खांडसकडच्या वाड्यांतून बायका येतात, अडलेली बाई डोलीतून आणायची म्हणजे निम्मी वाटेतच..." त्या थांबल्या. "आईच्या पाटल्या मोडल्या मी या गाडीसाठी. आता पायाशी पाणी येतं हो ओढा ओलांडताना. आणि ब्रेक जरा खोल जातोय. नवीन गाडीत असं होतं का?"

त्यांची मनगटं मोकळी होती. धाकलूने ती बघितली आणि नजर खाली नेली.

"बघून ठेवतो. तुमी स्टेशनात कामं उरकून या," तो म्हणाला.

"औषधांचं पार्सल सोडवायचंय. तासाभरात येते."

त्या गेल्यावर तो खाली शिरला. वरून सगळं शाबूत होतं, त्याचाच काळा हात, तुकतुकीत. त्याने अंगठा दाबला आणि अंगठा आत गेला. करंजेलाच्या पापुद्र्यामागे पत्रा उरलाच नव्हता. डाव्या चाकामागून जाणारी ब्रेकची नळी त्याने नखाने खरवडली. नळीवर तेलाचा एक थेंब जमला, फुगला आणि त्याच्या कपाळावर पडला.

खांडसच्या उतारावर ही बाई रोज जात होती. कधी कधी मागच्या बाकड्यावर अडलेली बाई घेऊन.

वाल्मिकशेट कोळशाच्या वखारीत बशीतून चहा पीत होता. धाकलू समोर उभा राहिला.

"गाडी परत गेली नाय."

"कंची?" शेट म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. "बस रं. चा घे."

"तू बोल्लास दोन दिसांत परत नेतो."

"नेली व्हती. एजंट हात झटकून मोकळा. तुमच्याच रस्त्यांनी गंजली म्हनाला. मंग काय करू, दारात ठेवून पूजा करू तिची?"

"त्या बाईला काय सांगितलंस?"

"खरं तेच. गाडी नवी हाय. नव्हती नवी? आनि धाकलूनं बूड केलंय." त्याने बशी खाली ठेवली. "केलं व्हतंस ना? यात खोटा सबूद कंचा, तूच दाखव."

शब्द खोटा एकही नव्हता. वीस वर्षं घासून घासून धाकलूने ते वाक्य खरं केलं होतं, आणि वाल्मिकने ते जसंच्या तसं उचलून विकलं होतं. एजंटाने वाल्मिकला फसवलं तेव्हा निदान रंग तरी एजंटाचा होता. इथे रंगही धाकलूचा होता. एवढा राग त्याला आयुष्यात आला नव्हता, आणि तो कुठे ठेवायचा हेही कळत नव्हतं.

"ती बाई मेली असती, वाल्मिक. ब्रेकची नळी सडलीय."

शेट खालच्या आवाजात म्हणाला, "सुंदराला कल्यानला कोन घेऊन गेलं व्हतं रं?"

"तू."

"मंग?"

चौदा दिवसांचा तो उपकार धाकलूने देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा जपला होता. वाल्मिकने तो वखारीतल्या कोळशासारखा तागडीत टाकला. धाकलू वळला आणि चालू लागला. मागून "आरं, चा तरी" असं ऐकू आलं.

शेडवर विमलबाई औषधांची पेटी घेऊन उभ्या होत्या.

"काय निघालं, मिस्त्री?"

वाटेत धाकलूने चार-पाच उत्तरं तयार केली होती. ओढ्याच्या पाण्याने झालं असेल. खडी लागून रंग उडाला असेल. कुणीही विश्वास ठेवला असता, कारण सांगणारा धाकलू होता.

"बाई, ही गाडी तुमाला दिली तवाच सडकी व्हती," तो म्हणाला. "खालनं गंज व्हता. मला दिसला व्हता. मी त्याच्यावर काळा हात मारला."

"तुम्ही?"

"मी."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"गंज माहीत व्हता. परत जानार हाय, असं मला सांगितलेलं. तुमच्याकडं जानार हाय, ते ठावं नव्हतं. पन झाकला मीच."

कुणी सांगितलं, का सांगितलं, हे काहीच त्यांनी विचारलं नाही. त्या शेडच्या उंबऱ्यावर पेटी ठेवून तिच्यावरच बसल्या.

"मी एकदाही खाली वाकून बघितलं नाही," त्या म्हणाल्या. "सगळे म्हणाले, धाकलूनं बूड केलंय म्हटल्यावर बघायचं नसतं."

त्या ओरडल्या असत्या तर धाकलूला बरं वाटलं असतं. त्या उठल्या, पेटी उचलली आणि गाडी तिथेच सोडून कडावच्या सर्व्हिस मोटारीच्या थांब्याकडे निघाल्या. पेटी पोचवायला तो पुढे झाला, तर "राहू द्या" म्हणाल्या.

अकरा दिवस धाकलूने दुसऱ्या कुठल्याच गाडीला हात लावला नाही. स्वतःचाच काळा हात तो खरवडून काढत होता, आणि चांगल्या केलेल्या कामासारखा तो चिवटपणे चिकटून बसला होता. कुजलेला पत्रा कापून नवा बसवला. ब्रेकची नळी आणायला तो स्वतः मुंबईला गेला. गोड्या पाण्याने चार वेळा धुतलं आणि प्रत्येक वेळी बोट जिभेला लावून बघितलं. चौथ्या खेपेला चव लागली नाही, तेव्हा उन्हं दिली. सुंदरा जेवण घेऊन यायची आणि तसंच परत न्यायची. तिला त्याने सगळं सांगितलं होतं. "त्या वख्ताला मला नेलं नसतं तरी चाललं असतं," एवढंच ती एकदा म्हणाली, आणि धाकलूने तिला पहिल्यांदाच गप्प बस म्हणून सांगितलं.

गावात गोष्ट फुटायला वेळ लागला नाही. वाल्मिकशेटचं नाव त्यात फारसं आलं नाही, कारण काळा हात काही त्याचा नव्हता. स्टेशनासमोरच्या हॉटेलात धाकलू शिरला, तेव्हा कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "आला बघा बुडव्या." दोन-चार जण हसले. बूडवाला आणि बुडव्या यात फरक तो केवढा, पण ऐकताना धाकलूला तो कापल्यासारखा लागला. त्याने चहा पिऊन घेतला आणि बाहेर पडला.

बाराव्या दिवशी विमलबाई गाडी न्यायला आल्या. मजुरीचा विषय त्यांनी काढला, तेव्हा धाकलूने हात जोडले. त्यांनीही पुन्हा काढला नाही.

"झालं बूड, बाई," तो म्हणाला.

"बरं."

त्या दाराशी गेल्या. हात दाराच्या मुठीवर ठेवला आणि तसाच काढून घेतला. मग पिशवीतून वर्तमानपत्र काढून त्यांनी गाडीशेजारी मातीत अंथरलं. पदर खोचला, गुडघे टेकले आणि मान वाकडी करून त्या खाली बघू लागल्या. पलीकडच्या रस्त्यावर दोघे-तिघे थांबले. धाकलूने केलेलं काम कुणी वाकून बघतंय, हे कर्जतात कुणी पाहिलं नव्हतं.

खाली अंधार होता, त्यांना नीट दिसेना. धाकलूने खुंटीवरची बॅटरी काढली, सदऱ्याला काच पुसली आणि त्यांच्या हातात दिली.

"डाव्या चाकामागं बघा, बाई," तो म्हणाला. "तिथं जास्त व्हता."