उजवा डबा, डावा डबा

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. जो तो हातातल्या कागदी वाटीकडे डोळे लावून बसला होता. वाटीत पळीभर सिमेंट, पळीभर ‘पावन राख’ आणि पाणी.

“श्रद्धा पक्की असेल तर दहा मिनिटांत गोळा तापेल, दगड होईल,” गोळेबाबा व्यासपीठावरून म्हणाले. “मनात खोट असेल तर चिखल राहील. सिमेंट खोटं बोलत नाही, बाळांनो.”

सिमेंट खरंच खोटं बोलत नव्हतं. ते काम बाबांनी स्वतःकडे ठेवलं होतं.

सूनबाईनं छकुलीला कडेवर आणखी घट्ट धरलं. पोर सोळा महिन्यांची, अजून चालत नव्हती. डॉक्टर म्हणाल्या होत्या, “पाय उत्तम आहेत, अठरापर्यंत थांबा.” सूनबाई थांबली होती, पण रोज शेजारच्या पोरांची पावलं मोजत.

सासूबाईंना मात्र थांबणं मंजूर नव्हतं. गेल्या महिन्यात त्या इथे आल्या आणि सहज विचारून बसल्या, “बाबा, राखेचे डबे दोन कशाला?” झालं. त्यांच्या वाटीत डाव्या डब्यातली राख पडली, गोळा थंड राहिला. “घरात खोट आहे, म्हणून नात चालत नाही,” बाबांनी निदान केलं. “पुढच्या वेळी आणा तिला. गरम गोळ्यात पावलं रोवू, दगड होईपर्यंत. मग बघा, धावेल.”

सासूबाईंनी घरी येऊन तो चिखल कुंड्यांपाशी भिरकावला. झाडांबरोबर त्यालाही रोज पाणी मिळत गेलं. शेजारच्या शिंपीणकाकूंचा त्याच सभेत तापलेला गोळा मात्र काचेच्या कपाटात बसला आणि आठवड्यात तडकून भुगा झाला. महिन्याभरानं सूनबाईचा अंगठा कुंडीजवळ ठेचकाळला, तेव्हा तिला कळलं की खोटीचा गोळा दगड झालाय.

खालच्या मजल्यावर गवंडीकाका न्हाणीघराची गळती बुजवत होते. तिनं आपला गोळा आणि शिंपीणकाकूंकडून मागून आणलेला भुगा दोन्ही त्यांच्यापुढे ठेवले.

“ही कोळशाची राख, वहिनी. राखेनं सिमेंट गार राहतं, उशिरा धरतं, पण पक्कं धरतं.” त्यांनी भुग्यातले पांढरे कण चिमटीत घेतले. “हा कळीचा चुना. पाणी लागलं की तापतो, मागाहून फुगतो आणि गोळा फोडतो. आणि दहा मिनिटांत आवळलं म्हणजे धुण्याचा सोडा असणार. गळतीला मीही तोच घालतोय, बघा.”

“बाबांनी यात बाळाचे पाय रोवायला सांगितलेत.”

काकांनी आपली बोटं पुढे केली. पेरापेरांवर जुने व्रण होते. “हे नुसत्या ओल्या सिमेंटनं खाल्लंय. ते तापलेलंही नव्हतं.”

हे सगळं ऐकून सासूबाई एवढंच म्हणाल्या, “गवंड्याची राख वेगळी, बाबांची वेगळी.” म्हणून आज सगळी वरात बाबांच्या सभागृहात आली होती.

“आणा लेकराला,” बाबांचा हात उजव्या डब्याकडे गेला.

सूनबाईनं छकुलीचे पाय पदराखाली घेतले. “बाबा, आमच्या घरात खोट आहे ना? मग आम्हाला डावा डबा.”

“डबा महत्त्वाचा नसतो, मुली. भाव महत्त्वाचा.”

“मग उजव्यातलं कालवा. पण आधी तुमची बोटं रोवा. दगड होईपर्यंत.”

“माझी परीक्षा घेतेस?”

“छे, माझी श्रद्धा आहे.”

मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. बाबा सासूबाईंकडे वळले. “आवरा सुनेला.”

सासूबाईंनी एकदा छकुलीच्या तळव्यांकडे पाहिलं, एकदा बाबांच्या बोटांकडे. “ठेवा ना, बाबा. दहाच मिनिटं. तिचे पाय सोळा महिन्यांचे, तुमची बोटं पन्नास वर्षांची.”

“आज आम्ही मौनात आहोत,” बाबा म्हणाले.

ते मौनात असेपर्यंत सासूबाईंनी स्वतःच उजव्या डब्यातली पळीभर राख नव्या वाटीत कालवली. त्यांचा गोळा वाफाळला. पहिल्या रांगेत, ज्याचा गोळा दर वेळी तापायचा, त्या पुण्यवानाला त्यांनी डाव्या डब्यातली राख दिली. त्याचा चिखलच राहिला.

“मग माझ्यातली खोट गेली कुठे?”

“डब्यात होती, आई,” सूनबाई म्हणाली.

छकुली सतराव्या महिन्यात चालली. कुंड्यांजवळचा तो गोळा आता दार आपटू नये म्हणून दाराशी ठेवला होता, त्याला ठेचकाळून पडली, उठली आणि पुन्हा चालली. श्रेय घ्यायला कोणी आलं नाही.

आयांनो, जिथे बाबा स्वतःचं बोट घालत नाहीत, तिथे आपल्या लेकराचा पाय घालू नका. डबे दोन का, हे आधी विचारा. आणि विचारलं म्हणून गोळा थंड राहिला, तर खुशाल राहू द्या.