पायाची फाइल

ग्रंथालयात त्याला सगळे वैद्यबुवा म्हणत. नाडी कधी त्याने कुणाची धरली नव्हती. पण कॉम्प्युटर कण्हला, कुंथला, की त्याच्या नावाने हाका सुरू. तो यायचा, कपाळाला आठी घालायचा, दोन बटणं दाबायचा आणि निम्मा आजार त्याच्या आठीलाच भिऊन पळायचा. अशा या वैद्यबुवाच्या पोटात आता एक गोष्ट अशी अडकून बसली होती, की ती पचत नव्हती आणि ओकवतही नव्हती.

ग्रंथालय होतं बोलक्या पुस्तकांचं. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी इथे माणसं येऊन पुस्तकं मोठ्याने वाचत. कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी बँकेतला कारकून, कुणी जन्मभर नाटकात शिरू पाहणारा आणि शेवटी इथे मायक्रोफोनसमोर धन्य झालेला. एक शिंप्याची बायको होती, ती विनोदी पुस्तकं वाचायची आणि वाचता वाचता स्वतःच हसत सुटायची. ती आता या जगात नाही. तिचं वाचन तेवढं आहे.

हे सगळे आवाज मागच्या खोलीतल्या एका धडधाकट सर्व्हरवर राहत. वैद्यबुवाने त्याच्यावर लिनक्स घातलं होतं, आणि केव्हीएम नावाचं सॉफ्टवेअर वापरून त्याच्या पोटात तीन व्हर्च्युअल मशीनं थाटली होती. सगळं ओपन सोर्स, म्हणजे फुकट आणि कुणालाही आतून उघडून बघता येणारं, ज्याचा अभिमान त्याला जरा जास्तच होता. कुणी विचारलं की तो खुलून सांगायचा, "घर एक, बिऱ्हाडं तीन. प्रत्येकाला वाटतं अख्खं घर आपलंच. एकाला ताप आला तरी दुसऱ्याला शिंक यायची नाही." एका बिऱ्हाडात हिशेब, दुसऱ्यात फोनवरून पुस्तक मागवायची सोय, आणि तिसऱ्या, सगळ्यांत मोठ्या बिऱ्हाडात आवाज.

घोळ झाला तो तिसऱ्यात.

सर्व्हरची डिस्क भरत आली होती. वैद्यबुवा झाडलोट करायला बसला. एक अगडबंब फाइल दिसली. तारीख पाहिली, तर तिच्यात कित्येक महिन्यांत एक अक्षर बदललेलं नाही. त्याला वाटलं, कुठल्यातरी जुन्या मशीनचं कलेवर आहे हे, उगाच जागा अडवून पडलंय. आणि दिली उडवून. मग जागा किती मोकळी झाली ते बघायला गेला, तर जागा होती तेवढीच! फाइल गेली, जागा मात्र सुटेना. असं का, म्हणून तो क्षणभर पडद्याकडे बघत राहिला, आणि मग त्याला आठवलं.

मागे एकदा आवाजांच्या मशीनवर मोठी दुरुस्ती करायची होती. बिघडलं तर मागे येता यावं म्हणून त्याने आधी स्नॅपशॉट घेतला होता. स्नॅपशॉट घेतला की मूळ फाइल गोठते आणि पुढचं सगळं वरच्या नव्या थरात लिहिलं जातं. म्हणजे ती जुनी फाइल होती पाया. पाया कधी हलतो का हो? हलत नाही म्हणून तर त्यावर घर उभं असतं. आणि या शहाण्याने, हलत नाही म्हणून, तो भंगारात काढला होता.

घर मात्र अजून उभं होतं. मशीन चालू होतं, आवाज ऐकू येत होते, फोनवरून पुस्तकं जात होती. वैद्यबुवाला एवढंच कळलं, की हे मशीन बंद पडलं तर पुन्हा उठायचं नाही. चालतंय तोवर चालतंय.

आणि नेमक्या त्याच घटकेला दारात मोठ्या बाई आल्या. मोठ्या बाई ग्रंथालयाच्या प्रमुख. जन्मापासून त्यांना दिसत नाही, पण कोण जिन्यावरून कुठल्या मनःस्थितीत येतंय ते त्या पावलांवरून सांगतात.

"काय वैद्यबुवा, ते मशीन जागा नाही, जागा नाही म्हणून रडतंय, ते कशामुळे?"

खरं सांगायला तोंड उघडलं होतं त्याने. देवाशपथ उघडलं होतं. पण बाहेर आलं ते भलतंच.

"मावशी प्रत्येक वाचनाच्या दोन-दोन प्रती ठेवतात ना बाई. भरणारच मग."

मावशी म्हणजे ध्वनिमुद्रणाची खोली सांभाळणाऱ्या. त्या दोन प्रती ठेवत हे खरं, पण दुसरी प्रत असायची त्यांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर. सर्व्हरशी तिचा काडीचा संबंध नव्हता. हे वैद्यबुवाला माहीत होतं, बाईंना नव्हतं.

बाई मान किंचित तिरकी करून ऐकत राहिल्या, आणि गेल्या. दुपारी मावशींना बोलावणं आलं. मावशी परत आल्या तेव्हा पदराने चष्मा पुसत होत्या, आणि चष्मा स्वच्छच होता.

मग दिवस सुरू झाले ते असे, की वैरी परवडला. वैद्यबुवा रोज सकाळी आल्या आल्या मागच्या खोलीत जाऊन दिवे लुकलुकताहेत ना ते बघे, अत्यवस्थ माणसाचा श्वास बघावा तसा. दारावर त्याने कागद चिकटवला, 'बंद करू नये'. झाडूवाल्याला तर त्या भिंतीकडे फिरकायचीच बंदी. मावशी समोरून आल्या की हा बुटाची नाडी बांधायला खाली वाके.

त्याने एक प्रयत्न केला. घरची एक छोटी डिस्क आणून चालू मशीनमधून वाचनं बाहेर काढायला लागला. डिस्क लहान, आवाज फार. मावशींकडे त्यांच्या दुसऱ्या प्रती मागायला तोंड उरलं नव्हतं. यादीवर बोट फिरवता फिरवता तो थांबला. शिक्षिका घ्यायची की कारकून? नट सोडला तर चालेल का? शिंप्याची बायको...? कुणाचा आवाज ठेवायचा आणि कुणाचा मरू द्यायचा हे ठरवणारा मी कोण, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने डिस्क काढून खिशात टाकली.

त्यातच वायरमन आला. सगळी जुनी वायरिंग बदलायची, मेन स्विच काढायचा. "परवा दुपारी लाइट घालवतो," म्हणाला. "चांगली चार-पाच तास जाईल."

"त्या मागच्या खोलीची नाही घालवलीत तर?"

"साहेब, मेन काढल्यावर तुमच्या खोलीला काय मी तोंडाने फुंकून देऊ?"

त्या संध्याकाळी वैद्यबुवा बहिणीकडे गेला. ताई त्याच्याहून मोठी. एका मोठ्या संस्थेत अशी शेकडो मशीनं सांभाळायची. लिनक्सची अक्षरओळख त्याला तिनेच करून दिली होती, आणि मठ्ठ म्हणून डोक्यात टपल्याही तिनेच मारल्या होत्या. म्हणून तर इतके दिवस तिला विचारायचं धाडस झालं नव्हतं. त्याने सगळं सांगितलं. म्हणजे फाइलीचं सांगितलं. मावशींचं नाही.

ताईने ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे गाढवा, जागा सुटली नाही म्हणालास ना? का सुटली नाही?"

"का?"

"कारण फाइल गेलीच नाहीये! तू फक्त दारावरची पाटी काढलीस. चालू मशीनने ती आत घट्ट धरून ठेवलीये. जोवर कुणीतरी धरून ठेवलंय तोवर लिनक्स तिला मरू देत नाही. चालू प्रोसेसच्या खिशात हात घालायचा, ती कुठल्या क्रमांकावर उघडी आहे ते बघायचं आणि सरळ कॉपी करून घ्यायची. गोठलेलीच आहे, त्यामुळे मधे बदलायची भीती नाही."

वैद्यबुवाच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढंच?"

"एवढंच. पहिल्या दिवशी फोन केला असतास तर चहा निवायच्या आत झालं असतं." मग जरा थांबून ती म्हणाली, "का नाही केलास?"

"तू ओरडली असतीस."

"आता काय आरती ओवाळतेय?" ती उठली, कपाटातून एक मोठी डिस्क काढून त्याच्या हातात ठेवली. "ही घेऊन जा. आधी कॉपी, मग तपासणी, मग मशीन बंद. बंद केलंस की जुनी खरंच जाईल आणि जागा सुटेल, तिथे ही परत ठेव. नाव तेच, जागा तीच. घाई करू नकोस. आणि ऐक, कुणाला कळायचंसुद्धा नाही."

ते शेवटचं वाक्य तिने धीर द्यायला म्हटलं होतं. वैद्यबुवाला ते घरी जाताना दर वळणावर ऐकू येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ताईने सांगितल्याप्रमाणे केलं. जिचं नाव कुठे उरलं नव्हतं ती फाइल मशीनच्या मुठीतून हळूहळू उतरू लागली. ती उतरून तपासून होईपर्यंत त्याने देवाला इतक्या वेळा मध्ये घातलं, की देवालाही अवघडल्यासारखं झालं असेल. मग छातीवर दगड ठेवून त्याने मशीनला बंद होण्याची आज्ञा दिली. पडद्यावरची मशीनची हिरवी खूण विझली. जागा सुटली. फाइल जागेवर ठेवली, मशीन सुरू केलं. पडद्यावर ओळी धावल्या. हेडफोन कानाला लावून त्याने पहिलं सापडलं ते वाचन उघडलं. बँकेतला कारकून नेहमीसारखाच नाकातून वाचत होता. त्याच्याइतका गोड आवाज वैद्यबुवाने आजवर ऐकला नव्हता.

सुटलो, असं त्याला वाटलं. आणि मावशी चहा घेऊन आत आल्या.

"काय रे, आज चेहरा उजळलाय. मशीन बरं आहे ना आता? मी माझ्या कॉम्प्युटरवरची दुसरी प्रत सगळी पुसून टाकली हो. बाई बोलल्या त्याच दिवशी. म्हटलं आपल्यामुळे सगळ्यांची पंचाईत नको."

"बरं केलंत," तो कसाबसा म्हणाला. "इथे आहेतच सगळी."

"हो, इथे चांगली आहेत. माझ्याकडची कच्ची होती."

"कच्ची?"

"अरे, वाचताना माणूस चुकतो, खोकतो, पाणी मागतो. ते सगळं काढून टाकून स्वच्छ केलेलं तुझ्याकडे येतं. न कापलेलं माझ्याकडे राहायचं." त्या कपाची कड बोटाने पुसत होत्या. "आमची ती हसायची बघ, शिंपीणबाई. एकेका पानाला चार-चारदा. तुझ्याकडच्या प्रतीत तिचं हसणं कुठलं असायला? ते मीच कापलेलं. कधी काम नसलं की मी ते लावून बसायची. जाऊ दे. जागेपुढे काय करणार?"

वैद्यबुवाच्या हातातला चहा हातातच राहिला. त्याने चुकून उडवलेलं परत आलं होतं. त्याने खोटं बोलून पुसायला लावलं होतं ते कुणाच्याच मुठीत नव्हतं. मावशींचा कॉम्प्युटर संध्याकाळी बंद होत होता, सकाळी चालू होत होता, आणि त्या मोकळ्या जागेवर नवी वाचनं चढत होती.

चहा टेबलावर ठेवून तो उठला. "मावशी, जरा बाईंच्या खोलीत चला."

"आता काय केलं मी?"

"तुम्ही नाही."

बाईंच्या खोलीत तो उभ्यानेच बोलला. पायाच्या फाइलीचं बोलला, आणि मग ते वाक्य जसंच्या तसं पुन्हा म्हणून दाखवलं, "मावशी दोन-दोन प्रती ठेवतात." म्हणाला, "यातला एकही शब्द सर्व्हरला लागू नव्हता, बाई. मला माहीत होतं."

"त्या दिवशी तुमचा आवाज पातळ लागला होता मला," बाई म्हणाल्या. "तरी मी यांनाच बोलले. यंत्रातलं आपल्याला काय कळतं, असं वाटलं." त्यांनी चेहरा मावशींच्या दिशेने वळवला. "माझंही चुकलं."

मावशी रागावल्या नाहीत, जाऊ दे म्हणाल्या नाहीत. वैद्यबुवा या दोहोंतल्या कशाचीही वाट बघत होता. त्याला काहीच मिळालं नाही. त्या आपल्या खोलीकडे निघून गेल्या.

तो मागोमाग गेला. त्यांचा कॉम्प्युटर त्याने आधी बंद केला, म्हणजे आणखी काही त्याच्यावर चढायला नको. मग पुसलेल्या फायली हुडकणारं एक मोफत सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून सुरू केलं आणि ताईची डिस्क जोडून दिली. वायरमनला त्याने स्वतः जाऊन हात जोडले, तेव्हा तो दोन दिवस थांबायला तयार झाला. सापडलं ते तुकड्यातुकड्यांनी. बिननावाचे, अर्धेमुर्धे, मध्येच तुटलेले. खरखर, नुसती खरखर, कुणाचंतरी अर्धं वाक्य.

मावशी दारात उभ्या होत्या. मग आत आल्या, दुसरा हेडफोन उचलून कानाला लावला आणि त्याच्या शेजारी बसल्या, पण मधे एक खुर्ची सोडून.

पुष्कळ तुकडे झाले. हसणं नव्हतं. एका तुकड्यात नुसतं काहीतरी करकरलं. वैद्यबुवा पुढे जाणार, तोच मावशींनी त्याचं मनगट धरलं.

"थांब. मागे घे जरा."

त्याने मागे घेतलं.

"तिची खुर्ची," मावशी म्हणाल्या. "हसायच्या आधी ती अशी मागे रेलायची."

तुकडा तिथेच संपत होता. वैद्यबुवाने तो पुन्हा लावला. मावशींनी मनगट सोडलं नव्हतं, आणि त्याची मान वर करायची हिंमत नव्हती. त्याने त्या तुकड्याला नाव दिलं, ताईच्या डिस्कवर एक प्रत ठेवली, सर्व्हरवर दुसरी, आणि मावशींना न विचारता तिसरीही, त्यांच्यासाठी, वेगळ्या पेनड्राइव्हवर.