खिळ्यावरची साडी

दिपाने शेडचं दार जरासं लोटलं, तशा साऱ्या कोंबड्या फडफडत कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर चढल्या. तिने चटकन दार ओढून घेतलं. अजून थांबली असती तर खालच्या गुदमरून मेल्या असत्या.

“पुन्याचा ड्रेस बघून बिथरल्या,” ओट्यावरून तिचे वडील, जगन, म्हणाले. “खिळ्यावर तुझ्या आयची साडी हाय, ती नेस. कोंबडी मानूस ओळखत नाय गो. कापड ओळखते.”

काल गावी, कोनला, आल्यापासून आईचा विषय बाबांच्या तोंडून प्रथमच निघाला. आईला, वेणूला, जाऊन वर्ष होत आलं होतं. दिपाने एक-दोनदा तिची आठवण काढून पाहिली, तर बाबा पनवेलहून कोंडा आणायचा राहिला म्हणत उठून गेले होते.

ती ब्याण्णव सालची गोष्ट. गावातल्या कोंबड्यांना खोकला लागला होता. तो आणणारा विषाणू करोना जातीचा. पुण्याच्या प्रयोगशाळेत दिपा त्याच्यावरच काम करत होती. सकाळी चहा पिताना बाबांनी विचारलं म्हणून तिने सांगितलं होतं, “त्याच्या अंगावर काटे असतात आणि काट्यांवर साखरेचं पांघरूण. ती साखर त्याची नसते, बाबा. कोंबडीच्याच शरीरातली असते. म्हणून शरीराच्या राखणदारांना तो आपल्यातलाच वाटतो.”

“म्हंजे आमच्याच घरची साखर अंगाला फासून चोर घरात,” बाबा हसले होते. “आन साखर शोधनारी पोर चाय पिते बिनसाखरेची.”

दिपा साडी नेसून आली. साडीला अजून कोंड्याचा, धुराचा, आईचा वास होता. तिने पदर डोक्यावरून घेतला आणि दार उघडलं. एकही कोंबडी उडाली नाही. दोन तर पायाशी येऊन दाण्याची वाट पाहू लागल्या. एकेकीला काखेत धरून तिने तपासणीसाठी घशातून कापसाचा बोळा फिरवला, नळीत बंद केला. काम संपेस्तोवर दिवेलागण झाली.

“चाय ठेवलीय गो,” दारातून बाबांचा आवाज आला. “पयली पिऊन घे. निवते तुझी नेहमी.”

पाठमोऱ्या दिपाचा हात थांबला. निवायची ती आईची. कोंबड्यांच्या नादात रोज निवायची.

“येते,” ती न वळता म्हणाली.

शेडचं दार लावून ती ओट्यावर आली. कपातला चहा गोडमिट्ट होता, आई प्यायची तसा. बाबा रस्त्याकडे पाहत आपली बशी फुंकत होते. दिपाने तो तसाच ओठांना लावला. अर्धा कप पिऊन झाल्यावर ती उठली.

“कुठं?”

“साडी बदलते.”

“राऊ दे जराशी,” बाबा म्हणाले. “कोंबड्या घाबरतील.”

शेड केव्हाचं शांत झालं होतं. दिपा पुन्हा ओट्यावर टेकली, पदर सावरला आणि तळाची साखर बोटाने हलवून उरलेला चहा सावकाश प्यायली.