पद्माबाईंनी सांगितलेले फोटो

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात गुलबर्ग्याच्या एका संस्थेतली प्रतीक्षा दर बुधवारी खजुरी गावात यायला लागली. बचत गटातल्या सहा बायकांना ती कॅमेरा चालवायला शिकवायची. गावच्या पाण्याचे, मातीचे फोटो काढायचे, त्यांना स्वतःचा आवाज जोडायचा आणि लॅपटॉपवर तीन मिनिटांची गोष्ट तयार करायची, असं ते काम होतं.

पद्माबाईंचे फोटो चांगले आले होते. ओढ्यात साचलेला कचरा त्यांनी जवळ जाऊन टिपला होता. आवाजाचं मात्र काही जमेना. पुतणीकडून लिहून घेतलेला कागद समोर धरून त्या 'पर्यावरणाचे संतुलन' म्हणायला जायच्या आणि जीभ अडखळायची.

"म्याडम, माझे फोटू दुसऱ्या कुणाला द्या," एक दिवस त्या म्हणाल्या. "मला बोलायला न्हाई येत."

घरी तरी मोकळं बोलतील, म्हणून प्रतीक्षा दुपारी त्यांच्याकडे गेली. ओट्यावर पद्माबाईंचे यजमान तुळजाराम दोरी वळत बसले होते. त्यांनी उभी हयात मेंढरं राखली होती. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले तेव्हा कळप विकला, त्याला सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून ते शिवारात गेलेच नव्हते. कुणी चला म्हटलं तर "तितं जाऊन काय बघू?" म्हणून टाळत.

प्रतीक्षाने लॅपटॉप उघडला, रेकॉर्डर सुरू केला. पद्माबाईंनी कागद काढला. तेवढ्यात तुळजाराम म्हणाले, "फोटूत काय दिसायलंय, ते तर सांग आधी."

"ओढा हाय. कचरा पडलाय."

"कोणत्या अंगाला उभारली होतीस?"

"म्हसोबाच्या अंगाला. पलीकडं पळस हाय. पाक वाळून गेलंय समदं."

"पळसाच्या बुडाला?"

पद्माबाई पडद्याजवळ वाकल्या. "दगड हाय. दगडापाशी हरळी हाय. तितकीच हिरवी हाय बगा."

तुळजारामांचे हात थांबले. "तितं झिरा हाय. हातभर उकरलं की पाणी लागायचं. दुष्काळातबी माझी मेंढरं तितंच प्यायची."

"मग इतक्या दिवसांत सांगितलं कामून न्हाई?"

"कुणी इचारलं?"

लगीन होऊन बत्तीस वर्षं झाली होती. पद्माबाईंची वाट शेताकडची, तुळजारामांची माळाकडची. पद्माबाई सरकून नवऱ्याच्या शेजारी बसल्या आणि एकेक फोटो सांगायला लागल्या. कुसळ कुठं वाढलंय, बांध कुठं फुटलाय. जागा सांगताना चुकलं की ते दुरुस्त करत. कागद वाऱ्याने ओट्याखाली गेला, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

शेवटी प्रतीक्षा हळूच म्हणाली, "अप्पा, तुमचं बोलणं मशिनीत भरलंय. गोष्टीला हेच ठेवू का?"

"आमचं? लोकं हसत्याल की."

"हसू द्या," पद्माबाई म्हणाल्या.

सगळ्यांच्या गोष्टी तयार झाल्यावर शाळेच्या खोलीत खिडक्यांना चादरी लावून त्या गावाला दाखवल्या. "कुणी इचारलं?" ऐकून लोक खरंच हसले. मग म्हातारे निंगप्पा उठून म्हणाले, "व्हय, मीबी पिलोय तितलं पाणी."

त्या रविवारी पंधरा-वीस जण ओढ्यात उतरले. दोन गाड्या कचरा निघाला. हातभर नाही, कमरेइतकं खणावं लागलं, तेव्हा गढूळ पाणी झिरपलं. गावाला पुरण्यासारखं नव्हतं. शेरडा-मेंढरांचं भागेल एवढं होतं. पद्माबाईंनी नवऱ्याला हाताला धरून नेलं होतं. ते काठावर बसले आणि त्यांनी ओंजळ भरून घेतली.

पुढच्या बुधवारपासून ते वर्गाला यायला लागले. आता बायका आपला फोटो आधी त्यांना सांगतात, मग रेकॉर्डरला. एखादी घाईत उरकायला लागली की ते मान कलती करून विचारतात, "थांब की गं बाई. सावली कुठं पडलीय?"